हिरव्या पाटीचा टेम्पो

मैत्रिणींनो, टेम्पो हा काही आपल्या साप्ताहिकातला विषय नव्हे, असे तुम्हांला वाटेल. लोणच्याची बरणी, लोकरीचे विणकाम, मुलांचे अभ्यास यांच्या शेजारी ही मालवाहू गाडी कुठून येऊन उभी राहिली? पण जरा थांबा. आमच्या घरी २०२३च्या गुढीपाडव्याला विजेवर चालणारा छोटा टेम्पो आला. हल्ली सगळे त्याला 'पिकअप' म्हणतात. तेव्हापासून मी एक गोष्ट बघते आहे. डिझेलची गाडी ही घराबाहेरची वस्तू होती. ती पंपावर पोट भरायची, गॅरेजमध्ये दुखणी काढायची आणि तिचा हिशेब यांच्या शर्टाच्या खिशात, चुरगळलेल्या पावत्यांत असायचा. विजेची गाडी रात्री आपल्या दाराशी, आपल्या मीटरवर जेवते. तिला किती वाढले, किती उरले, उद्याला किती लागेल, हे सगळे आपण पिठाच्या डब्याचे करतो तसेच आहे. म्हणून म्हणते, अशी गाडी तुमच्या घरी यायची असेल, तर तिचा कारभार पहिल्या दिवसापासून आपल्या हाती घ्या. का, ते सांगते.

आम्ही उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये राहतो. लांबच्या वाचक भगिनींना हे 'कॅम्प' काय ते कळायचे नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिथल्या बराकींत जागा दिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. बराकी बहुतेक गेल्या, इमारती उभ्या राहिल्या, पण कॅम्पांचे नंबर पत्त्यांत राहिले ते राहिलेच. इथे गल्लोगल्ली काही ना काही बनते आणि विकले जाते. फर्निचर, कपडे, पापड, मिठाई. आणि बनलेला माल कुणीतरी पोचवावा लागतो. ते 'कुणीतरी' म्हणजे आमचे हे! वीस वर्षे पलंग, कपाटे आणि सोफे टेम्पोत घालून अंबरनाथ, बदलापूर, कल्याण, डोंबिवली अशी यांची ये-जा चाललेली.

२०२२च्या दिवाळीनंतर यांचा डावा गुडघा धरला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, "गादी झिजली आहे. क्लच दाबायचा नाही." आता सांगा, आमच्या बाजारातल्या गर्दीत डिझेलचा टेम्पो चालवायचा आणि क्लच दाबायचा नाही, म्हणजे पोळ्या करायच्या आणि लाटणे धरायचे नाही! घरात बोलणे सुरू झाले. टेम्पो विकायचा आणि यांनी कुठेतरी बारा तासांची वॉचमनची नोकरी धरायची, असे दीर म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी हातातल्या पाटल्या काढून माझ्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाल्या, "बघ गं, यात काय होतंय का." आमची मोठी तेव्हा बारावीला होती, धाकटा आठवीत. वॉचमनच्या पगारात घर चालले असते, पण मोठीचे कॉलेज चालले नसते. तेव्हा विजेच्या गाडीची गोष्ट निघाली ती हौस म्हणून नव्हे. त्या गाडीला क्लच नसतो, एवढीच तिची थोरवी आम्हांला त्या वेळी ठाऊक होती.

टाटांचा 'छोटा हत्ती' २००५ साली बाजारात आला हे तुम्हांला आठवत असेल. गल्लीबोळांत तो कधी शिरला ते कळलेसुद्धा नाही. त्याचाच विजेवरचा भाऊ २०२२ मध्ये जाहीर झाला आणि आता इतर कंपन्यांच्याही अशा लहान गाड्या मिळतात. आमची कोणत्या कंपनीची ते मी सांगत नाही, कारण मला जाहिरात करायची नाही. बॅटरी सुमारे २१ युनिटची, हौद्यात सहाशे किलो माल, एवढे पुरे.

मग मी मुलाची जुनी वही घेतली आणि हिशेब मांडला. तोच इथे देते, कारण शोरूममधला मुलगा सांगतो तो हिशेब त्याचा असतो, आपला नसतो.

यांची रोजची धाव सरासरी ७० किलोमीटर. जुना टेम्पो भरल्या मालाने आणि गर्दीत लिटरला १५ किलोमीटर द्यायचा. म्हणजे पावणेपाच लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तर रोजचे सव्वाचारशे. विजेची गाडी? घरून भरताना काही वीज वाया जाते, म्हणून पूर्ण बॅटरीला मीटरवर २३ युनिट पडतात हे धरून चाला. तेवढ्यात माल घेऊन शंभर-एकशेपाच किलोमीटर होतात. कागदावर दीडशेच्या वर लिहिलेले असते. तो आकडा ठरावीक परीक्षेतला आहे, भर बाजारातला नव्हे. तेव्हा ७० किलोमीटरला १६ युनिट. युनिटला १० रुपये धरले, तरी १६० रुपये. रोजची बचत २६० आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर साडेसहा हजार. ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट यांचा खर्च वाचतो, त्याचे वर्षाचे भाग पाडून महिन्याला दीड हजार. एकूण आठ हजार.

आणि हप्ता? जुना टेम्पो विकून आले एक लाख सत्तर हजार, भिशीचे होते एक लाख वीस हजार. उरलेले साडेपाच लाख पाच वर्षांच्या कर्जाने. हप्ता जवळजवळ बारा हजार! म्हणजे बचत सगळी हप्त्यात घातली तरी दर महिन्याला चार हजारांची खिंड उरतेच. वहीत त्या चार हजारांभोवती मी पेन्सिलीने गोल काढला आणि सासूबाईंच्या पाटल्या त्यांच्या हातात परत घातल्या. सोने एकदाच विकता येते, हप्ता साठ वेळा यायचा असतो. पहिले वर्ष ते चार हजार माझ्या शिवणयंत्रातून निघाले. उशांचे अभ्रे, पडदे, फॉल-पिको. पुढे कुठून निघाले ते सांगतेच.

आता मीटरची गोष्ट, कारण इथे पुष्कळ जणींचे गणित चुकते. घरगुती विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. पहिल्या शंभर युनिटांना एक, पुढे तीनशेपर्यंत वाढीव, पुढे आणखी वाढीव, अशी ती शिडी असते. आमचे घर महिन्याला १८० युनिट खाते. टेम्पोचे १६ गुणिले २५ म्हणजे ४०० युनिट त्याच मीटरवर टाकले तर एकूण ५८० होतात आणि आपण शिडीच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसतो. वाहने चार्ज करण्यासाठी महावितरणकडे वेगळा दरवर्ग आहे. त्याचा वेगळा मीटर घेतला की घराचे बिल घराच्या जागी राहते, गाडीचे गाडीच्या जागी. हिशेबालाही बरे. मागच्या महिन्याचे आपले बिल काढून त्यावरचे दर वाचा, मगच ठरवा.

मीटर झाला, की वायरिंग. ही गाडी साध्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर तासाला तीनेक युनिट ओढते. म्हणजे आपला गीझर रात्रभर पाच-सहा तास सलग चालू ठेवल्यासारखे आहे. आमच्या भागातल्या जुन्या घरांच्या वायरी पंख्या-दिव्यांच्या बेताने घातलेल्या. तेव्हा मीटरपासून पॉइंटपर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती झाली तर वीज तोडणारे यंत्र आणि खरोखरचे अर्थिंग, एवढे लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डाला गाडी लावायची नाही म्हणजे नाही. पहिल्या आठवड्यात रोज अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर बंद करा आणि वायरमनला बोलवा.

कागदपत्रांचे सांगते. गाडी माझ्या नावावर आहे. ते यांनीच सुचवले. "हिशेब तुझा, तर नाव पण तुझं," म्हणाले. विजेच्या भाड्याच्या गाडीला हिरव्या पाटीवर पिवळे आकडे असतात, खाजगी गाडीला पांढरे. २०१८ पासून बॅटरीवरच्या मालवाहू गाड्यांना परमिटची अट केंद्र सरकारने काढून टाकली आहे. धुराचा दाखला लागत नाही, कारण धूरच नाही. खरेदीवर जीएसटी ५ टक्के. पण विमा आणि फिटनेसचा दाखला चुकत नाही. नव्या मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस करावा लागतो, पुढे दर वर्षी. या तारखा मी कालनिर्णयावर, गॅसच्या नोंदीशेजारीच लिहून ठेवते.

रोजची निगा म्हणाल तर ती सोपी, पण चुकवायची नाही. रात्री गाडी आली की आधी काट्यावरचे टक्के बघायचे आणि वहीत लिहायचे. किती किलोमीटर झाले, किती टक्के गेले. महिनाभर असे लिहिले की गाडीची भूक आपल्याला पाठ होते. जास्त माल, टायरमध्ये कमी हवा, उगाच जोरात पळवणे, यातले काय झाले ते आकडाच सांगतो. एकदा दोन आठवडे टक्के जास्त जाऊ लागले. यांना काही जाणवले नव्हते. वही बघून मी म्हटले, "अहो, हवा बघून या." चारही टायरांत दहा-दहा पौंड कमी! बॅटरी रोज अगदी शून्याला नेऊ नये. वीस टक्क्यांच्या खाली आमची सहसा जात नाही. रोज काठोकाठ भरावी की कधी भरावी, हे बॅटरीच्या जातीवर असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते, ते एकदा वाचून काढा. उन्हातून तापून आलेली गाडी लगेच लावू नका, अर्धा तास निवू द्या. भाजीच्या पातेल्यावर गरम असताना आपण झाकण घालत नाही, तसेच.

धुताना जोराच्या पाइपचे पाणी खालून मारायचे नाही. ओल्या फडक्याने पुसायचे. कुलंटची पातळी महिन्यातून एकदा बघायची. आणि उंदीर! आमच्याकडे घुशी-उंदीर भरपूर आणि वायरींची चव त्यांना भारी आवडते. गाडी उभी करतो तिथे मी रात्री खरकटे, पिठाची पोती काही ठेवू देत नाही. शेजारच्या सिंधी भाभींनी डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधायला सांगितली. गोळ्यांपेक्षा स्वच्छतेचा उपयोग जास्त, हा माझा अनुभव.

पावसाचे मात्र गंभीरपणे सांगते. या बॅटऱ्या बंद डब्यात असतात आणि पाण्याच्या कसोटीला उतरलेल्या असतात, हे खरे. चांगल्या बॅटरीवर जो 'आयपी ६७' असा शिक्का असतो त्याचा अर्थ, एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जात नाही. पण तो शिक्का म्हणजे पुरात शिरायचा परवाना नव्हे. आपली उल्हास नदी काय करू शकते ते २७ जुलै २०१९ रोजी सगळ्यांनी बघितले. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून काढावे लागले. जिथे रेल्वे थांबते तिथे आपल्या टेम्पोने काय शौर्य गाजवायचे! तीन पावसाळ्यांत आमचा नियम एकच. चाकाचा मधला भाग पाण्याखाली जाईल असे दिसले, की गाडी तिथेच थांबवायची आणि गिऱ्हाइकाला फोन करायचा.

आता माझ्या शिकण्याची गोष्ट. वय बेचाळीस, आणि आयुष्यात कधी स्कूटीसुद्धा चालवलेली नाही. पण वहीतले ते गोल केलेले चार हजार मला दिसत होते. यांचा गुडघा दुपारनंतर सुजायचा आणि गाडी दुपारी नुसती उभी राहायची. हप्ता तर उभ्या गाडीचाही भरावा लागतो. २०२४ साली मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातले. तिथे क्लच-गिअरच्या गाडीवर शिकले, घाम फुटला. घरी आपला टेम्पो हाती घेतला तर काय, दोनच पेडल! पायाखाली दाबले की चालते, सोडले की हळू होते. चढावर बंद पडत नाही, मागे सरकत नाही. मोठी म्हणाली, "आई, हे तर तुझ्या मशीनसारखं आहे." खरेच, विजेच्या शिवणयंत्राचे पाऊलच ते!

तुम्हांला गंमत सांगते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत विजेच्या मोटारी पुष्कळ होत्या आणि बायकांमध्ये त्या विशेष लोकप्रिय होत्या. कारण पेट्रोलची मोटार सुरू करायला पुढे हँडल घालून जोराने फिरवावे लागे. ज्या हेन्री फोर्डने पेट्रोलच्या मोटारी घरोघर पोचवल्या, त्याची बायको क्लारा स्वतः मात्र १९१४ सालची डेट्रॉइट कंपनीची विजेची मोटार चालवीत असे. नवरा काहीही विकू दे, घरातली बाई स्वतःची सोय बघूनच निवडते!

लायसन्सबद्दल एक शंका होती. हलक्या मोटारीच्या लायसन्सवर भाड्याचा टेम्पो चालवता येतो का? ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला, की ७,५०० किलोंच्या आतली मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. त्या दिवसापासून माझ्या दुपारच्या फेऱ्या सुरू झाल्या. गाद्या, उशा, पडद्यांचे तागे, असा हलका माल. उचलायला दुकानाचा हमाल असतो, मी फक्त चालवते. अंबरनाथ, बदलापूर, कधी कल्याण. फेरीमागे साडेतीनशे रुपये, आठवड्याला तीन-चार फेऱ्या. महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास होतात. दुपारी जेवणाच्या वेळी गाडी तासभर लावली की माझ्या फेरीपुरती वीज भरून निघते. सुरुवातीला दुकानदार मला बघून विचारायचे, "ड्रायव्हर कुठंय?" आता विचारत नाहीत.

आणि लांबचा प्रवास? तोही झाला. माझे माहेर ओतूर, जुन्नर तालुक्यातले. २०२५च्या माघात भाचीचे लग्न होते. पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल मामा-मामीकडून, असे ठरलेले. भाड्याची गाडी करायची तर सात-आठ हजार जाणार. हे म्हणाले, "आपलीच नेऊ." कल्याण-मुरबाड रस्त्याने माळशेज घाट चढून ओतूर शंभरेक किलोमीटर. गाडी धावते शंभर. ऐकायला बरोबर वाटते ना? पण चारशे किलोंचे सामान आणि मध्ये घाट! एका दमात निघालो असतो, तर वरात घाटातच लागली असती.

मी प्रवासाचे तुकडे पाडले. घरून मुरबाड सुमारे तीस किलोमीटर. तिथे माझी नणंद राहते आणि तिच्याकडे पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे. आधी फोन करून अर्थिंग तपासून घेतले. दादालाही ओतूरला फोन केला आणि अंगणात तसाच पॉइंट वायरमनकडून बसवून घ्यायला सांगितले. दादा म्हणाला, "लग्न भाचीचं, आणि मांडव टेम्पोचा!" वाटेत एका पंपावर चार्जर असल्याचे फोनवरच्या नकाशात दिसत होते. पण माझा अनुभव असा, की नकाशातले यंत्र बंद निघू शकते. एकदा असेच एका ठिकाणी आम्ही पोचलो तर त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली! तेव्हापासून जिथे आपले माणूस आणि आपला प्लग तिथेच मुक्काम, पंपाचा चार्जर म्हणजे वरची शिल्लक.

पहाटे पाचला काठोकाठ भरून निघालो. शहाड ओलांडले, रायता पुलावरून उल्हास नदी पार केली. भर पावसात हा पूल पाण्याखाली जातो आणि रस्ता बंद होतो. म्हणून हा प्रवास पावसाळ्यात करायचा नाही, हेही आधीच ठरलेले. मुरबाडला काट्यावर ७२ टक्के उरले होते. नणंदेकडे प्लग लावला, पोहे-चहा झाला, वन्सं आणि माझ्या गप्पा झाल्या. दोन तासांत पुन्हा शंभर. सरळगाव ते टोकावडे मी चालवले. चाळीसच्या वर वेग नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात, वाजवू दे. हळू चालवले की टक्के हळू जातात.

घाटाच्या पायथ्याशी ६६ टक्के होते. चढ यांनी घेतला. मैत्रिणींनो, चढावर तो आकडा बघत बसू नये! डोळ्यांदेखत एकेक टक्का गळतो. दहा-बारा किलोमीटरच्या चढात २५ टक्के गेले. गाडी कुठे दमली नाही, तापली नाही. पण सपाटीवर पंचवीस टक्क्यांत जेवढे जातो, त्याच्या निम्मेसुद्धा गेलो नाही. आधी वहीत मांडले नसते, तर माझा तिथे जीवच गेला असता. वर पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी दिसले, तेव्हा ४१ उरले होते. ओतूरला दादाच्या दारात पोचलो तेव्हा १९. मी वहीत आदल्या रात्री अंदाज लिहिला होता १७. यांनी वही हातात घेतली, दोन्ही आकडे बघितले आणि सगळ्या पाहुण्यांना दाखवत सुटले.

परतीला गाडी रिकामी आणि घाट उतरणीचा. उतार मी घेतला. या गाडीचे पाऊल सोडले की मोटर उलटी जनित्रासारखी चालते, चाकांना अडवते आणि वीज परत बॅटरीत भरते. आपल्या नव्या लोकलगाड्या ब्रेक लावताना वीज तारेत परत ढकलतात, तेच तत्त्व. घाट संपला तेव्हा चार टक्के वाढलेले! खर्चाच्या वहीत जमा बाजूला लिहायला मिळालेला हा माझा पहिला प्रवास. एक ध्यानात ठेवा. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते आणि ही अडवण कमी होते. म्हणून घाटमाथ्यावरच शंभर टक्के भरून लगेच उतरू नये. आणि ब्रेक आहेत हे विसरू नये. येताना पाहुणे म्हणत होते, "मागे हौदा रिकामाच आहे, बसवा की आम्हांला." मी स्पष्ट नाही म्हटले. मालगाडीच्या हौद्यात माणसे बसवणे कायद्याला धरून नाही. अपघात झाला, तर विमाही पाठ फिरवतो. थोडी नाराजी झाली, होऊ दे.

सगळे गोडच आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांचे भाडे रोज दीडशे-दोनशे किलोमीटरचे आहे, ज्यांना अचानक नाशिक-पुण्याला जावे लागते, त्यांनी ही गाडी घेऊ नये. ज्यांच्याकडे रात्री उभी करायला स्वतःची जागा आणि स्वतःचा पॉइंट नाही, त्यांनी तर मुळीच नाही. चौथ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडून गाडी चार्ज करणे म्हणजे संकटाला आमंत्रण. साधा मेकॅनिक बॅटरीला हात लावू शकत नाही. बिघाड झाला, तर कंपनीच्या माणसाचीच वाट बघावी लागते. एकदा आमची गाडी अशी पाच दिवस उभी होती, तेव्हा भाडे बुडाले ते बुडाले. म्हणून मी दर महिन्याला पाचशे रुपये 'गाडी उभी' या नावाने वेगळ्या डब्यात टाकते. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे तोंडी ऐकू नका, कागदावर घ्या आणि तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. हमी संपल्यावर नवी बॅटरी हा मोठा खर्च आहे. हप्ता फिटला की तेवढीच रक्कम त्यासाठी बाजूला टाकायची, असे आम्ही ठरवले आहे.

यांचा गुडघा पूर्ण बरा झालेला नाही, होणारही नाही. पण हे सकाळी पाच-सहा तास गाडी चालवतात आणि रात्री पाय शेकत बसावे लागत नाही. मोठीचे कॉलेज चालू आहे. सासूबाईंच्या पाटल्या त्यांच्या हातात आहेत.

तुमच्याकडे असा विचार चालू असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी महिनाभर एक वही घाला. रोज किती किलोमीटर, किती माल, कोणत्या वेळी, गाडी कुठे आणि किती वेळ उभी असते, एवढेच लिहा. मग विजेचे बिल आणि ती वही घेऊन शोरूममध्ये जा. यांना एकट्यांना पाठवू नका, तुम्हीही जा. आणि तिथला मुलगा 'मॅडमना काय दाखवू, कलर?' असे म्हणाला, तर हसून म्हणा, "कलर नंतर. आधी सांग, पूर्ण चार्जला मीटरवर किती युनिट पडतात?"